वाळक्या पानातली फटफटी

सुकेळ्यांचा पुडा हातात आला की मी आधी तो कानाशी नेऊन हलवते. आत काही खुळखुळलं नाही तरच दोरी सोडते. माझी सून म्हणते, "आई, केळी आहेत त्यात, नारळ नव्हे." तिला काय सांगणार, ती पुण्याची. वाळक्या पानाच्या पुड्यात केळ्यांखेरीज काय काय निघू शकतं, हे जिनं जनूभाऊंच्या शेजारात दिवस काढलेत तिलाच ठाऊक.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बोळिंजला राहायला आलो. मुंबईत जागा परवडेना, म्हणून ह्यांनी विरारच्या ह्या भागात घर घेतलं आणि मला साताऱ्याहून आणून पहिल्या मजल्यावर ठेवलं. सकाळी हे डबा घेऊन गेले की दिवसभर मी आणि माझी खिडकी. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीतून खाली जनार्दन राऊतांची वाडी दिसायची. विहीर, विहिरीभोवती राजेळी केळीची रांग, कौलारू घर, पुढे ओटा, आणि ओट्याच्या कडेला पत्र्याची पडवी. पडवीत गोणपाटाखाली काहीतरी उभं असायचं. पहिले काही दिवस मी ती म्हैसच समजत होते. म्हटलं, गरीब दिसते बिचारी, हलत नाही की ओरडत नाही.

ती निघाली मोटारसायकल. राऊतांच्या वडलांची. कुठल्या कंपनीची ते मला विचारू नका, मला दोन चाकं आणि एक भोंगा एवढंच कळतं. वाडीत सगळे तिला फटफटी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

जनूभाऊ वसईच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होते, आम्ही आलो तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, पायजमा नेहमी एका पायाला दुमडलेला, दुसरा पाय मोकळा. बिनचिठ्ठीच्या बाटल्या ओळखून ओळखून त्यांना एक खोड जडली होती, कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी न्यायची. भाजी हुंगायचे, वर्तमानपत्र हुंगायचे, नवा सदरा हुंगायचे. मी माहेरून आणलेले कंदी पेढे खाली नेऊन दिले, तर तेही हुंगून म्हणाले, "दूध बरं हाय हो शिंदेताई तुमच्याकडं." माझ्या माहेरची म्हैस पास झाली.

आणि तोंडात एकच वाक्य: "घाई कोनाला हाय?" पोस्टमनला तेच, रिक्षावाल्याला तेच, आणि चुलीवर भात करपत असताना हाका मारणाऱ्या बायकोलाही तेच. सुमनवहिनी म्हणायच्या, "मला हाय ना घाई! पन माझं कोन ऐकतं?"

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी एका सकाळी ते गोणपाट काढलं. मी वरून बघत होते. खाली गंजाचा नुसता सापळा. सीट उंदरांनी खाल्लेली, चाकं जमिनीत रुतलेली, मडगार्डातून गवत आलेलं. जनूभाऊंनी भोवती एक फेरी मारली, वाकून टाकी हुंगली, आणि घरात जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आले. पूजेला बसावं तसे. मला वाटलं, काय व्यवस्थित माणूस आहे! पण काम झाल्यावर तसेच काळे हात घेऊन उठले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. रोजचाच हा प्रकार. आधी हात धुवायचे, नंतर नाही. साखरेच्या डब्यावर ग्रीस, देवघरातल्या घंटेवर ग्रीस. दिवसभरात नवरा घरात कुठंकुठं फिरला ते वहिनी डागांवरून सांगायच्या. "उलटी खोपडी हाय मेली," असं म्हणत घंटा चिंचेनं घासत बसायच्या.

आता खरी गोष्ट सांगते. ही फटफटी दहा-बारा वर्षं अशी सडली कशी? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण वहिनींनी ओट्यावर वाल सोलता सोलता सांगितलं.

जनूभाऊंना एक मोठा भाऊ. मोरूदादा. मुंबईला कारखान्यात फिटर होते, रविवारी घरी यायचे. वडील गेले, वाटणीची वेळ आली. भांडीकुंडी, जमीन, झाडं, विहिरीवरच्या पाळ्या, सगळं गोडीनं झालं. आवाज चढला नाही कुणाचा. शेवटी राहिली फटफटी. मोरूदादा म्हणाले, "गाडी जनूची. बाबांच्या मागं केळ्यांच्या पाट्या धरून रोज तोच बसायचा." जनूभाऊ म्हणाले, "नाय, दादाची. दर रविवारी पुसायचा तो." तू घे. नाही, तू घे. मोठा तू. लाडका तू. असं करता करता मोरूदादा बोलले, "मला उपकार नको तुझा." जनूभाऊ म्हणाले, "मला तुझी भीक नको." बस्स. मोरूदादा उठले, बायकोच्या माहेरच्या गावी राजोडीला जाऊन राहिले, आणि बोलणं बंद. जाताना गाडीची चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तशीच गेली. गाडी इथं, चावी तिथं. ज्यानं आधी हात लावला तो हावरा ठरणार, म्हणून दोघांनीही हात लावला नाही.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं भाऊ भांडतात ते जमिनीवरून, आणि भांडतात ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. शिव्या होतात, काठ्या निघतात, आणि पुढच्या लग्नात एका पंगतीला बसतात. हे एकमेकांना देण्यावरून भांडायचं, आणि तेही तोंड मिटून? राजोडी इथून रिक्षानं जायच्या अंतरावर! मी तसं म्हटलंही. वहिनी म्हणाल्या, "ह्या घरात कोनी ओरडत नाय ताई. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"मग आता का लावलाय हात?"

"म्हनतात, मी माझी करत नाय. दादाची गाडी गंजतेय, साफ करून त्याला देनार." वहिनींनी वालाचं टरफल बाजूला टाकलं. "गाडी निमित्त हाय हो. ह्यांना भाऊ पायजे."

ते मला एकदा तुळिंजच्या बाजारात बघायला मिळालं. मी कुकरची शिट्टी बदलायला गेले होते. एका गॅरेजच्या बाकड्यावर जनूभाऊ बसलेले. जेवणाच्या डब्यात भाजीच्या जागी कार्बोरेटर. तिथला मिस्त्री भला माणूस, चहा मागवून त्यांना समजावत होता की ह्यातून पेट्रोल का गळतंय. जनूभाऊ मान डोलवत होते. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, हे मी सांगू शकते, कारण ते खिडकीखाली एकच नट सकाळी लावायचे आणि संध्याकाळी काढायचे. मग मिस्त्रीनं सहज विचारलं, "चाचा, चाबी है ना?" जनूभाऊ म्हणाले, भावाकडं आहे. मिस्त्री म्हणाला, "तो छोडो ना, नया स्विच डाल देंगे. चुटकी का काम है."

जनूभाऊंनी बशीतला चहा अर्धा ठेवला. कार्बोरेटर डब्यात घातला, डब्याची कडी लावली. "चावी हाय," म्हणाले आणि चालू पडले. मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मी आपली शिट्टी घेऊन निघाले.

तर गाडी खोलून झाली. शेकड्यानं तुकडे. पडवी गळायची, म्हणून ते तुकडे घरात आणायचे ठरलं, आणि इथं जनूभाऊंनी आपली अक्कल लढवली. दिवाळी होऊन उन्हं कोरडी झाली की त्यांच्याकडं सुकेळी करायचे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात टाकायची, संध्याकाळी घरात घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळायची आणि खोडाच्या सुक्या सालीच्या, म्हणजे सोपटाच्या, दोरीनं आवळून बांधायची. जनूभाऊंचं म्हणणं असं, की ह्या पानात सुकेळ्याला बुरशी धरत नाही, तर लोखंडाला गंज कसा धरेल? झालं. प्रत्येक भाग तेलाचा हात लावून वाळक्या पानात गुंडाळला, सोपटानं बांधला आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर रचून ठेवला. सुकेळ्यांच्या पुड्यांशेजारी.

"अहो, खूण तरी करा काहीतरी," वहिनी म्हणाल्या.

जनूभाऊंनी कपाळावर बोट ठेवलं. तिथंही ग्रीस लागलं. "सगळं लक्षात हाय."

आता एक पद्धत सांगायची राहिली. त्यांची आई जाताना सांगून गेली होती की विहिरीवरच्या केळी दोघांच्या. म्हणून बोलणं बंद असलं तरी दरवर्षी सुकेळ्यांचा वाटा राजोडीला जायचा. निरोप नाही, काही नाही, नुसता पुडा. तो न्यायची पारूमावशी. राजोडीहून मासे घेऊन यायची, पाटी रिकामी झाली की पुडा पाटीत टाकून परत जायची.

त्या वर्षी तिची एस.टी. सुटत होती. ती दारातून ओरडतेय, "सुमन, दे लवकर!" वहिनींचे हात पिठात. त्यांनी माळ्यावरून हाताला लागला तो पुडा ओढला आणि पाटीत टाकला.

दोन दिवसांनी खाली गलका. म्हणजे त्यांच्या मानानं गलका, जनूभाऊ जरा मोठ्यानं श्वास घेत होते. मी खाली गेले तर स्वयंपाकघरभर पानं पसरलेली. एक पुडा सोडला, सुकेळी. दुसरा सोडला, सुकेळी. तिसऱ्यात ब्रेकची तार. कार्बोरेटर कुठंच नाही. वहिनी चुलीपाशी उभ्या राहून आठवत होत्या, आणि त्यांना आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

"दादाला गेला?" जनूभाऊ हळूच म्हणाले आणि खाली बसले. "आता त्याला वाटंल, मी त्याची टिंगल केली. वाट्याला लोखंड धाडलं."

"अहो मग जा आणि सांगा की चूक झाली!" मी म्हटलं. मला राहवतच नाही.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच!"

पण ते गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. गाडीला हात लावला नाही, जेवणात लक्ष नाही, समोर ठेवलेलं काही हुंगलंसुद्धा नाही. वहिनी घाबरल्या. एवढ्या वर्षांत निदान सुकेळी तरी जात होती, आता तोही धागा तुटला असंच त्यांनी धरलं.

आठवड्याभरानं पारूमावशी आली. पाटीतल्या मांदेल्यांवर केळीचं पान, पानावर तो पुडा. "घे गो बाय तुझी सुकेली," वहिनींना म्हणाली. "तुझ्या जावेचा दात पडला असता! पाहुन्यांच्या बशीत वाडायला गेली नि ठन्न करून वाजला."

"आनि दादा?" वहिनींनी विचारलं.

"दादा काय बोलनार? बगत बसला. मग वाटीत रॉकेल घेतलां नि त्यात ठेवलान. रोज बगते मी, ओट्यावर बसून ब्रश घासतोय."

जनूभाऊंनी पुडा सोडला. आत कार्बोरेटर नव्या कोऱ्या भांड्यासारखा लखलखत होता. आतली एक झिजलेली सुई बदललेली होती. जिथून पेट्रोल गळत होतं ती जागा पक्की केलेली होती. त्यांनी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. "घासलाय त्यानं," एवढंच म्हणाले. मग दोरी उचलून मला दाखवली. "गाठ बघा, ताई. बाबांची गाठ." मला ती गाठीसारखी गाठ दिसली, पण मी बघितली.

त्यानंतर त्या घरात चुका व्हायला लागल्या. काय सांगू तुम्हाला! जनूभाऊ एखादा पुडा बांधून माळ्यावर अगदी कडेला ठेवायचे. पारूमावशी आली की वहिनींचा हात नेमका त्याच पुड्यावर पडायचा. संध्याकाळी वहिनी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "बाई गं, परत चुकलं!" जनूभाऊ म्हणायचे, "असू दे. होतं असं." आणि काही दिवसांनी तो पुडा परत यायचा, आतला भाग दुरुस्त होऊन. क्लचची तार गेली, हेडलाइटची चकती गेली, कसली कसली दात्यांची चाकं गेली. सुकेळ्यांचा मोसम संपला. भर पावसाळ्यात कुठली आलीत सुकेळी? पण चूक व्हायची ती झालीच. पारूमावशीची मान अवघडली. ती म्हणायची, "अवो, ईंजान तेवडा चुकून देव नका माज्या डोक्यावर!"

दोघे भाऊ एक शब्द न बोलता गाडी बांधत होते. मला हसू यायचं आणि रागही यायचा. पण जनूभाऊ बदलले होते. पुडा आला त्या दिवशी जेवताना भात मागून घ्यायचे.

एकदा मात्र सगळं बिनसलं. गाडीच्या बाजूला हत्यारांची पेटी असते, तिचं झाकण जनूभाऊंनी स्वतः रंगवलं. खिडक्यांना आणलेला निळा रंग उरला होता, तोच ब्रशनं फासला. खूश होऊन मला म्हणाले, "बाबांची गाडी निळी होती, बरं का." झाकण राजोडीला गेलं. परत आलं ते खरवडून. सगळा निळा रंग काढून टाकलेला, उघडं लोखंड.

जनूभाऊंना मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. ओरडले मात्र नाहीत. "मोठा झाला म्हनून काय झालं? माझ्या हाताचा रंगसुद्धा नको त्याला?" झाकण पडवीत भिरकावलं. गाडीवर पुन्हा गोणपाट टाकलं. माळ्यावरच्या चुका बंद. पारूमावशी रिकामी पाटी घेऊन परत जायला लागली. मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात दोघांनाही बदडून काढत होते.

होळीच्या आधी वहिनींनी पडवी झाडायला काढली. ते झाकण त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी पदरानं पुसलं आणि मला हाक मारली, "ताई, खाली या जरा." झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, बिजागरीपाशी, रंगाचा नखाएवढा तुकडा मुद्दाम ठेवलेला होता. भोवतीचं सगळं नीट खरवडलेलं आणि मधे तेवढाच तुकडा. काळा. निळ्याच्या खालचा, मूळचा.

वहिनींनी ते झाकण जनूभाऊंच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी बघितलं, डोळ्यांजवळ नेलं, नखानं चाचपलं. जेवण अर्धं टाकून पडवीत गेले आणि टाकीच्या खालच्या बाजूचा गंज घासायला लागले. मग आत आले. "काळीच होती," म्हणाले. "निळी आपली सायकल होती." आणि हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी झाकण पानात गुंडाळलं गेलं. ते परत आलं तेव्हा काळंभोर, तोंड बघून कुंकू लावावं असं चकचकीत. सोबत काळ्या रंगाचा डबा, बाकीच्या गाडीसाठी.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला गाडी उभी राहिली. खरंच उभी राहिली. सीट नवी, चाकं ताठ, अंगावर काळा रंग. आमच्या इमारतीतली माणसं येऊन बघून जायची. "चालवा की जनूभाऊ!" ते म्हणायचे, "दादाची गाडी हाय. चावी त्याच्याकडं." सगळे हसायचे. आणि मग आमच्या ध्यानात आलं की काहीतरी विचित्रच होऊन बसलंय. धाडायला काही उरलंच नव्हतं. प्रत्येक भाग जागच्या जागी. चूक करायची तरी कशाची? माळा रिकामा, वर्षाचा सुकेळ्यांचा वाटा सोडला तर पुडे बंद. गाडी पूर्ण झाली आणि भावाकडची वाट पुन्हा मिटली.

जनूभाऊ रोज सकाळी ओट्यावर गाडीकडं बघत बसायचे. चेहरा असा, की घरातलं लग्न उरकून पाहुणे निघून गेलेत. वहिनी म्हणाल्या, पारूकडं निरोप देते. ते म्हणाले, "घाई कोनाला हाय?" पण ह्या वेळी ते वाक्य काही नेहमीसारखं निघालं नाही.

मग एक दिवस बघते, तर हे गाडी खोलतायत! मी खिडकीतूनच ओरडले, "अहो जनूभाऊ, चालती गाडी का खोलताय?"

"चालती कुठं?" त्यांनी वर बघितलं. "चावी कुठं हाय?"

त्यांनी चावी फिरवायचा स्विच काढला. पेट्रोलनं पुसला, हुंगला, नवीन सुकेळ्यांच्या पानात गुंडाळला. गाठ मारली. आणि ह्या वेळी माळ्यावर ठेवला नाही. पारूमावशीच्या पाटीत स्वतःच्या हातानं ठेवला.

"ही पन चूक का?" पारूमावशीनं विचारलं.

"नाय," जनूभाऊ म्हणाले. "ही चूक नाय."

मावशी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती म्हणाली, दादानं पुडा घेतला, सोडला, परत बांधला, काय बोलला नाही. त्यापुढच्या खेपेलाही तेच. जनूभाऊ विचारायचे नाहीत, पण तिची चाहूल लागली की पायजम्याचा दुमडलेला पाय सोडायचे आणि पुन्हा दुमडायचे. मला त्या मोरूदादांचा असा संताप आला होता, की रिक्षा करून राजोडीला जावं आणि चावी हिसकावून आणावी.

आणि एका रविवारी सकाळी मी भांडी घासत असताना वाडीच्या फाटकातून एक उंच म्हातारा आत आला. इस्त्रीचा सदरा, चष्मा, हातात कापडी पिशवी. नाक जनूभाऊंचंच, त्यावरूनच मी ओळखलं. घराकडं न वळता ते सरळ गाडीपाशी गेले. भोवती एक फेरी मारली. तीच फेरी. सुमनवहिनी दारात आल्या, थबकल्या, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला. मोरूदादांनी तांब्याकडं बघितलं. उचलला आणि सगळं पाणी प्यायले. वहिनींनी दाराची चौकट धरली.

जनूभाऊ विहिरीवरून आले, अंघोळ करून, ओल्या केसांनी. दोघं समोरासमोर. मोरूदादांनी पिशवीतून पुडा काढला, पान सोडलं, स्विच बाहेर घेतला आणि नुसता हात पुढे केला. जनूभाऊंनी त्या हातावर पाना ठेवला. मग स्क्रूड्रायव्हर. मग पक्कड. मोरूदादा काम करत राहिले आणि जनूभाऊ न मागता एकेक हत्यार देत राहिले. शेवटी मोरूदादांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेली. घातली आणि फिरवली.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाडी खोकली. मग जो काय आवाज झाला! आमच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, केळीवरचे कावळे उडाले, वाडी धुरानं भरली. मोरूदादा सीटवर बसले आणि मान न वळवता म्हणाले, "बस."

एवढ्या वर्षांनंतरचा पहिला शब्द. जनूभाऊ मागं बसले. ओले केस, तसाच एका पायाला दुमडलेला पायजमा. बसल्या बसल्या त्यांचे दोन्ही हात आपोआप मागं गेले, केळ्यांच्या पाट्या धरायला. पाट्या नव्हत्या, तरी ते तसेच हात पसरून बसले, आणि गाडी फाटकातून राजोडीच्या रस्त्याला लागली.

मी खाली धावले. वहिनी आणि मी ओट्यावर बसलो. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, माझेही डोळे भरले होते, त्यात लपवायचं काय? अर्धा तास गेला, तास गेला. गाडी येईना. भात झाला, आमटी झाली. वहिनी फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. "पडले तर नसतील? परत तंडले तर नसतील? दादा त्यांना तिथंच सोडून गेले असतील, बघा."

ऊन चांगलं डोक्यावर आलं तेव्हा वळणावरून आवाज आला. गाडीचा नाही, माणसांचा. आधी दिसेना कोण ओरडतंय. मग दिसलं. मोरूदादा हँडल धरून ओढतायत, जनूभाऊ मागून ढकलतायत, दोघं घामानं थबथबलेले, इस्त्रीच्या सदऱ्याची पार रया गेलेली, आणि दोघांच्या तोंडाचा पट्टा चालू.

"टाकीत बघितलं नाय निघताना? बाटलीभर पेट्रोल घालतात का कोनी?"

"चालवनाऱ्यानं बघायचं!" हे जनूभाऊ. त्या गळ्यातून एवढा आवाज निघतो हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी पुढे होऊन टाकीचं झाकण उघडलं, हुंगलं. "वाससुद्धा नाय उरला!"

"मी कशाला बघू? गाडी तुझी!"

"माझी? कोन म्हनतो माझी? दर रविवारी पुसायचा कोन? तुझी गाडी!"

"रोज बाबांच्या मागं कोन बसायचा? तुझी!"

"तुझी!"

"डोकं फिरलंय तुझं, जन्या!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. सायकलवाले उतरले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा दहा वर्षं! मी पुढे व्हायला निघाले, तर वहिनींनी माझा हात घट्ट धरला. डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"थांबा हो ताई," त्या म्हणाल्या. "मधे पडू नका कोनी. किती वर्सांनी भांडतायत."